दुधाचे, कापसाचे, डांबराचे बिल्ले

वाचकाचं पत्र:

"मी मूळचा नाशिकचा, सध्या नोकरीनिमित्त स्टुटगार्टजवळ राहतो. इथल्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडून बिल्ल्यांनी भरलेला पत्र्याचा डबा घेतला. मेळावे, क्रीडामहोत्सव आणि रस्त्यावरच्या निधी-संकलनाचे १९३०च्या दशकातले छोटे छोटे बिल्ले आहेत. बरेचसे धातूचे नसून कुठल्यातरी जुन्या प्लास्टिकचे वाटतात. परवा डबा उघडला तर एक पिवळसर बिल्ला चिकट झालेला आणि त्याच्या शेजारच्यांच्या पिना हिरव्या पडलेल्या. हे कशामुळे होतं? कोणता बिल्ला कशाचा आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? नकली कसे ओळखायचे? शेवटचा प्रश्न जरा अवघड आहे. बायकोला हे घरात असणं पटत नाही. मुलगी मोठी होतेय, ती उद्या विचारेल तेव्हा काय सांगणार, असं ती म्हणते. पुढच्या वर्षी आम्ही परत येतोय. संग्रह सोबत आणावा की इथेच सोडावा?"

उत्तर:

तो चिकट बिल्ला आधी डब्यातून बाहेर काढा, मग हे पुढचं सावकाश वाचा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तो बहुधा सेल्युलॉइडचा आहे आणि त्याचं विघटन सुरू झालं आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. तो मऊ आणि घडवण्याजोगा व्हावा म्हणून त्यात कापूर मिसळत. म्हातारं झालं की हे सेल्युलॉइड नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सोडू लागतं. हवेतला ओलावा मिळाला की त्यांचं आम्ल होतं, आणि ते आम्ल आधी शेजारच्या पितळी पिनेला खातं. पिन हिरवी पडते ती त्यामुळे. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात हे वायू कोंडून राहतात आणि त्यांच्यामुळेच विघटनाचा वेग वाढतो. म्हणजे एक बिल्ला डब्यातल्या सगळ्यांना घेऊन बुडतो.

त्याला आम्लविरहित साध्या कागदात सैलसर गुंडाळा आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, शेगडी आणि उन्हापासून लांब, हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवायचा मोह होईल, पण तिथेही वायू कोंडतातच. त्याला धुवू नका, पुसू नका. आतून बारीक तडे गेले असतील किंवा पृष्ठभागावर थेंब साचत असतील तर तो वाचणार नाही. दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढा, मापं लिहून ठेवा आणि तिथल्या नगरपालिकेच्या घातक कचरा संकलनात देऊन टाका. संग्राहकाला हे जड जातं, तरीही करा. बाकीच्यांच्या पिनांवरचं हिरवं कोरड्या कापसाने आणि दात कोरायच्या लाकडी काडीने हलक्या हाताने काढा. कसलाही द्रव लावू नका.

आता ओळखण्याबद्दल. जुन्या हौशी मंडळींकडून तुम्हाला एक उपाय हमखास ऐकायला मिळेल: सुई लाल करून बिल्ल्याच्या मागे टोचायची आणि वास घ्यायचा. हे कधीही करू नका. बिल्ला सेल्युलॉइडचा निघाला तर तो क्षणात पेट घेतो, आणि नाही निघाला तरी एका जुन्या वस्तूला कायमचं भोक पडतं. अंगठा पुरतो. बिल्ल्याची कड अंगठ्याने जोरात चोळून गरम करा आणि लगेच नाकाशी धरा. देवघरातल्या कापराचा पुसट वास आला तर सेल्युलॉइड. जुन्या कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला तर बॅकेलाइट, म्हणजे फिनॉलपासून बनणारं कडक प्लास्टिक. व्हिनेगरचा वास न चोळताच येत असेल तर तो आणखी एका जुन्या प्लास्टिकचा, सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा आहे आणि त्याचीही तब्येत बिघडली आहे. त्यालाही वेगळ्या खोक्यात हलवा.

गालालिथ मात्र नाकापेक्षा डोळ्यांनी चांगलं ओळखता येतं, आणि या सगळ्यांत मला तेच सर्वात लोभस वाटतं. ते दुधापासून बनतं. हानोफरचा छपाईवाला विल्हेल्म क्रिशे शाळांसाठी धुता येणाऱ्या पांढऱ्या पाट्या करायच्या खटपटीत होता. त्याने आडोल्फ श्पिट्टेलर या रसायनतज्ज्ञाच्या साथीने १८९७च्या सुमारास दुधातल्या केसीन या प्रथिनावर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करून एक टणक पदार्थ मिळवला. पाट्यांचं काही फारसं जमलं नाही, पण बटणं, कंगवे, विणकामाच्या सुया आणि पुढे बिल्ले यांसाठी हा पदार्थ उत्तम निघाला. हाम्बुर्गजवळच्या हारबुर्गमध्ये त्याचा मोठा कारखाना होता. केसीनची भुकटी पाण्यात मळायची, तिचे दांडे किंवा पत्रे दाबून काढायचे आणि ते फॉर्मॅलीनमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात, बुडवून ठेवायचे. जाड पत्रा आतपर्यंत कडक व्हायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागत. एकदा कडक झाला की तो पुन्हा वितळवून साच्यात ओतता येत नाही. म्हणून गालालिथचा बिल्ला नेहमी पत्र्यातून कापलेला, कोरलेला किंवा वरून छापलेला असतो.

हे तुम्हाला भिंगातून दिसेल. दहापट भिंग घ्या, बिल्ला खिडकीजवळ तिरका धरा आणि त्याची कड पाहा. गालालिथच्या कडेवर करवतीच्या किंवा कानशीच्या बारीक समांतर रेघा असतील, वरून पॉलिश केलेलं असेल, आणि साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ कुठेच नसेल. तशी रेघ कडेवरून सलग फिरत असेल तर तो साच्यातला माल आहे. मागच्या बाजूला एखादा तुटलेल्या देठासारखा खडबडीत ठिपका असेल तर वितळलेलं प्लास्टिक तिथून साच्यात शिरलं. एखादं गुळगुळीत गोल वर्तुळ उमटलेलं असेल तर साच्यातून बिल्ला बाहेर ढकलणाऱ्या खिळ्याची ती खूण. बॅकेलाइटचा टवका उडालेला असेल तर आत लाकडाच्या भुशाचा खडबडीतपणा दिसतो, कारण ताकद यावी म्हणून तो भुसा त्यात मिसळलेला असे. बॅकेलाइट बहुतेक तपकिरी किंवा काळं असतं. फिकट पांढरा किंवा पोपटी बिल्ला कुणी बॅकेलाइट म्हणून विकत असेल तर तो बहुधा युरिया रेझिनचा, म्हणजे युरियापासून केलेल्या प्लास्टिकचा असतो. त्यात फसवण्याचा हेतू असेलच असं नाही, बाजारात सगळ्यालाच बॅकेलाइट म्हणायची सवय पडली आहे.

बॅकेलाइटचा एक धागा आपल्याकडेही पोचतो. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलँडने १९०७ साली अमेरिकेत ते बनवलं, तेव्हा तो शेलॅकला पर्याय शोधत होता, आणि शेलॅक म्हणजे प्रामुख्याने भारतातून जाणारी लाख. जर्मनीत त्याचं उत्पादन १९१० पासून बर्लिनजवळच्या एर्कनर इथे सुरू झालं, कारण त्याला लागणारं, दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं फिनॉल तिथे हाताशी होतं.

तुमच्या डब्यात काचेसारखे पारदर्शक किंवा झगझगीत रंगाचे, टेबलावर हलकेच टाकले तर धातूसारखे खणखणणारे बिल्ले असतील, तर ते पॉलिस्टायरीनचे आहेत. आय. जी. फार्बेन या कंपनीने ते १९३०-३१ पासून लुडविग्सहाफेनमध्ये मोठ्या प्रमाणावर काढलं. ट्रोलिटुल हे त्याचं व्यापारी नाव जर्मन संग्राहकांच्या तोंडी अजूनही आहे. यांना अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा अत्तराचा हातसुद्धा लागू देऊ नका, पृष्ठभाग विरघळतो.

हे साच्यातले बिल्ले लाखोंच्या संख्येने निघू शकले ते इंजेक्शन मोल्डिंगमुळे. त्या तंत्रामागे ज्यांचं मोठं काम आहे त्या आर्थुर आइशेनग्र्युन यांचं नाव तुमच्या संग्रहाच्या वहीत पहिल्या पानावर असावं असं मला मनापासून वाटतं. हे रसायनतज्ज्ञ आधी बायर कंपनीत होते. पुढे त्यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटपासून सहज न पेटणारी प्लास्टिकं तयार केली आणि त्याची भुकटी वितळवून साच्यात दाबायची पद्धत १९२०च्या आसपास विकसित केली. ते ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना स्वतःची कंपनी सोडावी लागली आणि १९४४ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांची रवानगी टेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत झाली. ते जिवंत परतले आणि १९४९ मध्ये वारले. ज्या राजवटीने त्यांना छावणीत टाकलं, तिनेच अशा तंत्राने बनलेले बिल्ले लोकांच्या कोटांवर लावले.

इथून तुमच्या अवघड प्रश्नाकडे येतो. तुमच्या डब्यातले निधी-संकलनाचे बिल्ले विंटरहिल्फ्सवेर्कचे, म्हणजे हिवाळी मदत मोहिमेचे असणार. १९३३च्या सप्टेंबरमध्ये नाझी सरकारने ती सुरू केली. ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला रस्त्यावर डबे खुळखुळवत स्वयंसेवक उभे राहत आणि २० फेनिग (मार्कचे पैसे) टाकले की नवा बिल्ला मिळे. प्राणी, पक्षी, फुलं, परीकथेतली पात्रं, वेगवेगळ्या प्रांतांचे वेश, असे त्यांचे संच असत. संच पूर्ण व्हावा म्हणून मुलं आईवडिलांच्या मागे लागत, आणि मोहीम आखणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. लाकूड, काच, चिनीमाती, लेस, कागद, जे मिळेल त्याचे बिल्ले बनले. एकेका भागातल्या अडचणीत आलेल्या गृहोद्योगांना त्यातून काम दिलं जाई आणि त्याची जाहिरातही होई. १९३६च्या चार वर्षांच्या योजनेनंतर धातू शस्त्रांसाठी राखायचा होता, त्यामुळे प्लास्टिकला आणखी जागा मिळाली.

वरवर पाहता ही दानधर्माची मोहीम वाटते. पण पगारातून तिचे पैसे कापले जात, पैसे दिल्याची पाटी घराच्या दाराला लागे, आणि ज्याच्या कोटाला बिल्ला नाही तो रस्त्यावर लगेच ओळखू येई. सरकारने गरिबांवर करायचा खर्च असा लोकांच्या खिशातून निघाल्यामुळे सरकारी पैसा दुसरीकडे, शस्त्रांकडेही, वळवता आला. ज्यूंचं नागरिकत्व हिरावणाऱ्या १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर ज्यूंना या मदतीतून वगळलं गेलं, आणि जर्मनीतल्या ज्यू समाजाला गारठणाऱ्या, उपाशी माणसांसाठी स्वतःची वेगळी हिवाळी मदत उभारावी लागली. खारीचा किंवा फुलपाखराचा बिल्ला हातात घेतला की यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तुमच्या पत्नीचा आक्षेप मला अगदी रास्त वाटतो. नुसते गोंडस बिल्ले म्हणून काचेच्या कपाटात मांडून ठेवायचे असतील तर ते घरात नसलेले बरे.

पण माझं मत फेकून द्यावेत असं नाही. हे बिल्ले पुरावा आहेत. धाकदपटशा, हौस, मुलांचा हट्ट आणि खरोखरची गरिबांची कणव या सगळ्यांना एकत्र बांधून एक राजवट सामान्य माणसाच्या कोटावर कशी चढून बसते, हे शिकवायला २० फेनिगच्या वस्तूसारखी दुसरी वस्तू मिळणार नाही. बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयातही हे बिल्ले आहेत, ते याच कारणासाठी. मुलगी विचारेल तेव्हा तिला तिच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा: हा सुंदर आहे, हा विकत न घेणाऱ्याकडे लोक संशयाने बघत, आणि या मदतीतला घास काही मुलांना मुद्दाम नाकारला गेला. मुलांना हे कळतं. पत्नीसोबत बसून एक नियम ठरवा, की ज्या बिल्ल्याबद्दल वहीत अर्धं पानही लिहिता येत नाही तो घरात ठेवायचा नाही. संग्रहाच्या निर्णयांत पत्नीचं मत धरा, नुसती परवानगी मागू नका.

स्वस्तिकाचं चिन्ह असलेले बिल्ले वेगळे काढून बंद पाकिटात ठेवा. निधी-संकलनाच्या बऱ्याच आकृतींवर ते नसतंच, पण पक्षाच्या मेळाव्यांच्या आणि १ मेच्या बिल्ल्यांवर ते बहुधा असतं. जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली अशी चिन्हं जाहीरपणे दाखवणं, वाटणं किंवा त्यासाठी देशात आणणं-बाहेर नेणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. इतिहास, कला, संशोधन, शिक्षण यांना सवलत आहे आणि घरात नुसतं बाळगणं हा गुन्हा नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या गटात किंवा फेसबुकवर उघडा फोटो टाकणं म्हणजे घरात बाळगणं नव्हे. तिथले जबाबदार विक्रेते यादीतल्या फोटोंवर चिन्ह झाकतात, तुम्हीही झाका. नाशिकला कुणी पाहुणा "अरे, हे तर आपलंच स्वस्तिक" म्हणाला तर त्याला शांतपणे खाली बसवा आणि वही दाखवा.

नकली बिल्ल्यांबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या डब्याच्या बाबतीत ती भीती फारशी नाही. निधी-संकलनाचे साधे बिल्ले लाखांनी निघाले, ते आजही स्वस्त मिळतात, आणि स्वस्त वस्तूची नक्कल करण्यात कुणाचा फायदा नसतो. नक्कल होते ती पक्षाच्या मोठ्या मेळाव्यांच्या आणि दुर्मिळ बिल्ल्यांची. खऱ्यावरून साचा घेऊन रेझिन ओतलेली नक्कल मूळापेक्षा किंचित लहान भरते, बारीक अक्षरांच्या कडा बुजलेल्या असतात आणि मागे हवेचे सूक्ष्म बुडबुडे दिसतात. पिनेकडेही बघा. ऐंशी-नव्वद वर्षांच्या बिल्ल्यावरची चकचकीत स्टीलची पिन नवी असते, आणि तिच्या मुळाशी गोंद दिसला तर विक्रेत्याला विचारायलाच हवं. मागे कारखान्याचं नाव किंवा गावाचं नाव असेल तर वहीत उतरवून घ्या. ल्युडेनशाइड दिसलं तर आश्चर्य नको, बटणं आणि पदकं बनवणारं ते जुनं गाव आहे.

आता परत येण्याचं. सेल्युलॉइड ज्वलनशील मालात मोडतं, ते पार्सलने पाठवू नका. खात्रीने सेल्युलॉइडचे असतील ते तिथल्या स्थानिक संग्रहालयाला किंवा अनुभवी संग्राहकाला द्या. नाशिकच्या मे महिन्यात त्यांचं आयुष्य असंही कमीच आहे. चिन्ह असलेले बिल्ले देशाबाहेर नेण्याआधी तिथल्या वकिलाचा किंवा सीमाशुल्क कार्यालयाचा लेखी सल्ला घ्या. फार भानगड वाटली तर तेही तिथेच एखाद्या संग्रहालयाला द्या, तुमच्याकडे फोटो आणि वही राहील.

जे आणाल त्यांना आपल्या हवेत जपणं ही वेगळी गोष्ट आहे. गालालिथ पाणी पिऊन फुगतं आणि फार कोरड्या हवेत तडकतं, म्हणून त्याला पावसाळ्यातला दमट कोपरा नको आणि सिलिका जेलने ठासून भरलेला डबाही नको. अ‍ॅसिटेटला मात्र जितकं थंड आणि कोरडं तितकं बरं. म्हणजे दोघांना एका खोक्यात ठेवताच येत नाही. प्रत्येक पदार्थाला वेगळं खोकं करा, वर नाव लिहा. नाणी आणि तिकिटं ठेवायची ती मऊ, वास येणारी पीव्हीसीची पानं अजिबात वापरू नका, पॉलिस्टायरीनचे बिल्ले त्यांना चिकटून बसतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची कडक पाकिटं चालतील. बॅकेलाइट सगळ्यांत सोशिक आहे, त्याला फक्त ऊन लागू देऊ नका, तपकिरी रंग निस्तेज आणि खडूसारखा होतो. जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा सगळी खोकी उघडून वास घ्या, पिना बघा.

पुढे काय गोळा करावं असं तुम्ही विचारलं नाही, पण सुचवतो. एका काळाला चिकटून राहू नका. स्टुटगार्टमध्येच १९३३च्या जुलैमध्ये राष्ट्रीय जिम्नॅस्टिक महोत्सव झाला होता, सत्तापालटानंतर काही महिन्यांतच, आणि हिटलर तिथे हजर होता. त्याआधीचा महोत्सव १९२८ मध्ये कलोनला झाला, प्रजासत्ताकाच्या काळात. युद्धानंतर पूर्व जर्मनीचे क्रीडामहोत्सव लाइपझिगला १९५४ पासून भरू लागले, आणि १९५१च्या उन्हाळ्यात पूर्व बर्लिनमध्ये जागतिक युवक महोत्सव झाला. तिन्ही राजवटींनी मैदानं भरवली आणि तिन्हींनी बिल्ले वाटले. ते शेजारी ठेवले की काय बदललं आणि काय तसंच राहिलं हे तुमच्या मुलीलाही दिसेल, आणि संग्रहावरची हिटलरची सावली थोडी मागे सरेल.

परत येण्याआधी त्या विक्रेत्याकडे एकदा जा. डबा कुणाच्या घरातून आला, तिथे मुलं होती का, बिल्ले एकाच माणसाने जमवले का, त्याने काय काम केलं, एवढं विचारा. सांगायला तयार नसेल तर आग्रह करू नका. सांगितलं तर घरी पोचायच्या आत, ट्राममध्येच, लिहून काढा.